दुसऱ्या दिवसाचं रक्त

मी कुणाचीबी नक्कल करतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळंच झालं. मानवतला आमचं किराण्याचं दुकान. बाप सकाळी लिंग हातावर घेऊन पूजा करणार, कपाळाला इभूत लावणार, मंगच दुकानाची फळी उघडणार. मी मागं पोत्यावर बसून गिऱ्हाइकं बघायचो. मापाकडं डोळे लावून उभी राहणारी म्हातारी, शेंगदाणे चाखून चाखूनच पोट भरणारा गडी, सगळे मला पाठ. शाळेत एकदा हेडमास्तरांच्या आवाजात मी खिडकीबाहेरून सुट्टी जाहीर केली, तर दोन वर्ग खरंच घरी गेले. त्यापायी मार लय बसला. पण मारताना खुद्द हेडमास्तरांनाच हसू आवरंना, हे मी बघितलं. तवापासून माझा एक समज झाला, की ज्याची नक्कल करतो त्यालाबी आतून गंमतच वाटती. हा समज घेऊन मी परभणीला आलो.

परभणीत मी रक्त तपासायच्या कामाला लागलो. सत्तर सालाच्या पुढं चार-पाच वर्षं गेलती. एका डॉक्टरसाहेबांचा वीस खाटांचा दवाखाना व्हता, छातीच्या अन् काळजाच्या दुखण्याला लांबलांबून लोक तिथं यायचे. मागच्या बाजूला आमची तपासणीची खोली. तिथं आमी दोघंच, मी अन् उस्ताद. उस्तादांनी जुन्या जमान्यात हैदराबादला काम शिकलेलं. साठीच्या पुढचे, दाढी पांढरी, सदरा तिच्याहून पांढरा. इतक्या वर्षांत त्या सदऱ्यावर रक्ताचा एक थेंब पडलेला कुणी बघितला न्हाई.

उस्तादांचं म्हणणं असं, की रक्त म्हणजे झोपलेलं लेकरू. "सोते बच्चे को कैसा उठाते? वैसाच उठाव." पिचकारीतून सुईवाटं जोरात दाबून नळीत सोडायचं न्हाई. सुई काढायची, नळी तिरपी धरायची अन् तिच्या अंगावरून रक्त हळू वघळू द्यायचं. मंग नळी उभी करून ठेवायची, हलवायची न्हाई. घंटाभरात रक्त गोठतं, यंत्रात फिरवलं की वर पिवळं पाणी राहतं. त्याला सिरम म्हणतेत. प्रत्येक नळी उस्ताद खिडकीच्या उजेडाला धरून बघायचे. वाळल्या गवताचा रंग असला की मान हलवायचे. गुलाबी दिसली की रक्त वाया गेलं. हलवाहलवीत लाल पेशी फुटल्या अन् त्यांच्यातलं सगळं पाण्यात उतरलं, असा त्याचा अर्थ. ती नळी मोरीत वतायची.

अन् त्याच्यापुढं उस्तादांचा खास कायदा. ज्याच्या हातानं रक्त खराब झालं त्यानंच पेशंटच्या खाटेपाशी जायचं. सिस्टरला धाडायचं न्हाई, कंपौंडरला धाडायचं न्हाई. जाऊन म्हणायचं, "रक्त माझ्या हातानं खराब झालं. माफ करा, पुन्हा द्या." कारण सांगायचं न्हाई, सुईला दोष द्यायचा न्हाई.

मला हा कायदा लय जड जायचा. एकदा एका बाईला असं म्हणलो, तर तिनं साऱ्या वार्डाला सांगितलं, की हे पोरगं लोकांचं रक्त सांडून ऱ्हायलंय, याला कुणी हात देऊ नका. आठ दिवस पेशंट मला बघून बाही खाली वढायचे. कंपौंडर मला "सांडू" म्हणून हाक मारायला लागला. दुसऱ्यावर हसणं मला येतं. माझ्यावर हसलेलं मात्र मला सोसत न्हाई, हे मला तवा कळलं अन् मी ते कुणाला कळू दिलं न्हाई.

काळजाच्या झटक्यासाठी तवा आमच्याकडं एकच मोठी तपासणी व्हती, एसजीओटी. काळजाचा तुकडा मेला की त्याच्यातला एक रस रक्तात उतरतो, तो मोजायचा. पण तो लगेच घावत न्हाई. दुखल्यावर सात-आठ घंट्यांनी चढायला लागतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर जातो, अन् चौथ्या-पाचव्या दिवशी जणू काय झालंच न्हाई असा खाली येऊन बसतो. म्हून रक्त तीनदा घ्यायचं, पहिल्या, दुसऱ्या अन् चौथ्या दिवशी. आकडा चढून उतरला तर झटका. सपाट राहिला तर दुसरं कायतरी, पित्त म्हणा, पाठीचं दुखणं म्हणा. अन् आकडा जितका वर, तितकं काळजाचं नुकसान जास्त. त्याच्यावरून डॉक्टरसाहेब पुढचं सांगायचे, की माणूस किती चालंल, किती वझं उचलंल. गोम एवढीच, की तोच रस लाल पेशींतबी असतो. पेशी फुटल्या की काळजाला काय झालेलं नसलं तरी आकडा वर.

हे सगळं मला माहीत व्हतं. हे मी मुद्दाम लिहायलोय. मला माहीत नसतं तर मी आज हे लिहिलं नसतं.

मामा आला तो खाकी कपड्यातच आला. एसटीवर ड्रायव्हर, वय चाळीस-बेचाळीस, मिशा भरघोस. सगळे त्याला मामाच म्हणायचे, मीबी म्हणलो. चारठाण्याहून गाडी घेऊन परभणीला आला, स्टँडवर गाडी लावली, लोकं उतरवली, कागदावर सही केली अन् मंग चालत दवाखान्यात आला. डॉक्टरसाहेबांनी इचारलं काय होतंय, तर मामा म्हणला, "सायेब, चढाला गाडी लोड घेती का न्हाई, तसं. खालून दम येतोय, पण वर पोचंना." कवापासून, तर जिंतूर सोडलं तवापासून. मंग गाडी थांबवली कामून न्हाई, तर बोरीला थांबवलती, पण मागून लोकं इचारायला लागली, ड्रायव्हर सायेब कामून थांबलो, अन् त्याला लाज वाटली.

डॉक्टरसाहेबांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. पट्टीवरची रेघ अर्धी हो म्हणायली अन् अर्धी न्हाई. म्हून त्यांनी मामाला खाटेवर निजवलं अन् मला सांगितलं, आता रक्तच काय ते सांगंल.

उस्ताद नेमके तवा नव्हते. भाचीच्या लग्नाला हैदराबादला गेलते, सहा-सात दिवसांसाठी. जाताना मला एवढंच म्हणले, की हात में किसी का खून है तो मस्खरी नक्को. मी मान हलवली. ते फाटकाबाहेर गेले न गेले तोच मी त्यांच्याच आवाजात ते वाक्य सिस्टरला म्हणून दाखवलं.

पहिल्या दिवशी मी मामाचं रक्त नीट घेतलं. त्याची शीर घावता घावंना. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा घावली. तोवर मामा बोलत राहिला. चारठाणा त्याचं गाव. त्याचा बाप त्या गावात पाटलाच्या वट्ट्याखाली उभा राहायचा, वर बसायची सोय नव्हती. छप्पन सालानंतर बापानं दीक्षा घेतली, घरात बुद्धाची तसबीर आली. पोराला शाळेत मात्र त्यानं त्याच्या लय आधीच घातलतं. मंग मामा हसून म्हणला, "आता मी गाडी लावून हॉर्न दिला की अख्खं गाव पळत येतंय बघ. पाटलाचं पोरगंबी. धोतर सावरत."

मीबी हसलो. मंग त्यानं हळूच इचारलं, "बाबू, यात काय निघालं तर माझी गाडी जाईल का रं?"

"काय निघत न्हाई मामा," मी म्हणलो.

त्या दिवशीचा आकडा अठ्ठावीस आला. चांगला आकडा. पण पहिल्या दिवसाच्या चांगल्या आकड्याला काही अर्थ नसतो, रस उतरायला येळ लागतो. खरा दिवस दुसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा रक्त घेतलं. या खेपेला शीर एकदाच्यानं घावली. रक्त नळीत सोडलं, बूच लावलं अन् वार्डातून निघालो. व्हरांड्यात सिस्टर अन् कंपौंडर चहा पीत बसलते. मामाची नक्कल मी आदल्या दिवशी त्यांना दाखवलती, "सायेब, चढाला गाडी लोड घेती" वाली. कंपौंडर म्हणला, सांडू, तुझा मामा एकदा पुन्हा होऊन जाऊ दे.

माझ्या हातात नळी व्हती. तीच माझा गेअर झाली.

मी स्टुलावर बसलो, मिशा फिरवल्या, मागच्या लोकांना दरडावलं. गाडी चालू केली अन् नळीला पहिल्या गेअरात घातलं. दुसऱ्यात घातलं. दुसरा पडंना, म्हून दोन-तीनदा खडाखडा हलवलं. मंग जिंतूर रोडचे खड्डे आले. त्यात मी डोक्यापासून पायापर्यंत असा हाललो, की सिस्टरच्या बशीत चहा सांडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. मी मंग छातीला हात लावून कळ आल्याचंबी करून दाखवलं. त्या कळीच्या येळी नळी माझ्या मुठीत छातीवर दाबलेली व्हती.

असं हसवल्यावर जे सुख होतं, ते मला कशातच होत न्हाई. त्या सुखात मी खोलीत आलो अन् नळी ठेवून दिली.

घंट्याभरानं यंत्रात फिरवली अन् खिडकीला धरली. गुलाबी.

लालभडक नव्हती. जरासक गुलाबी. मी खिडकीचा पडदा बाजूला केला, की बाबा पडद्याची झाक पडायली असंल. पडदा पांढराच व्हता. मोरी दोन पावलांवर व्हती. मामाची खाट असंल वीस पावलांवर. जाऊन मला एक वाक्य म्हणायचं व्हतं. पण व्हरांडा वलांडून जावं लागणार, कंपौंडर इचारणार काय झालं, अन् दुपारपर्यंत मी पुन्हा सांडू. शिवाय मामा इचारणार, खराब कशानं झालं. अन् मी काय सांगणार? तुमची नक्कल करताना?

मी स्वतःला समजावलं. एवढ्याश्या गुलाबीनं काय होतंय. झालाच आकडा कमी-जास्त, तर चौथ्या दिवशीचं रक्त हायच की. चौथ्या दिवशी नीट काढू, खरं काय ते तवा दिसंल. हे म्हणताना माझ्या डोक्यात आकड्याच्या चढण्याउतरण्याचा सगळा हिशोब व्हता, तरी मी तो त्या घडीला आठवला न्हाई.

नळी मी पुढच्या कामाला घेतली. औषधं घातली, गरम पाण्यात घंटाभर ठेवली, रंग चढू दिला. नीट आकड्याला फिका तपकिरी रंग येतो. ह्याला काळ्या चहासारखा आला. रंग मोजायच्या यंत्राचा, कलरीमीटरचा, काटा सरकत गेला तो थांबंना. एकशे बारा. रजिस्टरात आकडा लिहायचा एक रकाना व्हता अन् शेजारी शेऱ्याचा एक. सिरम गुलाबी असलं तर तिथं तसं लिहायचं. मी शेरा मोकळा सोडला.

डॉक्टरसाहेब आकडा बघून सरळ वार्डात गेले. मी दारातून बघितलं. मामाला उठून बसलेला बघून ते म्हणले, आधी आडवे व्हा. आता बसायचं न्हाई, कुशीवर वळायचं न्हाई, जेवायचं ते दुसऱ्याच्या हातानं. मामाची बायको, मामी, खाली सतरंजीवर बसलेली. तिला बाहेर बोलावून सांगितलं, की झटका हाय अन् आकड्यावरून बघता मोठा हाय. जीव वाचंल, पण जड गाडी आता विसरा. मामीनं पदर तोंडाला लावला. मी मागं सरलो अन् खोलीत येऊन उगंच काचा धूत बसलो.

चौथ्या दिवशीचं रक्त मी जगातलं सगळ्यात चांगलं घेतलं. नळी दोन्ही हातांत धरून आणली, व्हरांड्यात कुणी हाक मारली तर वो दिली न्हाई. वाळल्या गवताचा रंग. आकडा एकतीस. मला वाटलं, सुटलो. आता साहेब म्हणतील, ह्ये काय, मधलाच कसा काय एवढा वर, काहीतरी चुकलं असंल, अन् सुट्टी देतील मामाला. कागद घेऊन मी पळतच गेलो.

साहेबांनी तीन आकडे शेजारी शेजारी लिहिले. अठ्ठावीस, एकशे बारा, एकतीस. अन् समाधानानं मान हलवली. म्हणले, बघ, चढला अन् उतरला. पुस्तकात असतं तस्सं. आता शंकाच न्हाई.

मी तिथंच बोलायला पायजे व्हतं. पुन्हा सांगतो, तिथंच. कागद त्यांच्या हातात, मी त्यांच्या म्होरं, मधी कुणी नव्हतं. माझ्या तोंडातून आवाज निघाला तो "हो साहेब" एवढाच. साऱ्या गावाचे आवाज काढणारा मी, अन् त्या येळी मला माझा आवाज काढता आला न्हाई.

त्यानंतर दोन दिवस मी मामाकडं जाऊन बसायला लागलो. त्यानंच बोलावलतं. सिस्टरकडून त्याला कळलं, की हे पोरगं नकला करतंय. त्याची नक्कल केल्याचं तिनं सांगितलं नव्हतं, एवढी दया केली. मामा म्हणला, पडून पडून अंग आंबलंय, काय तरी करून दाखव. मी आमच्या दुकानातला शेंगदाणेवाला गडी केला, मापवाली म्हातारी केली. मामाला हसू आलं. अन् हसू आलं तसा त्यानं दोन्ही हातांनी छाती धरली, जशी फुटकी घागर धरतेत तशी, अन् वठ मिटून हसू आतच दाबलं. हसून झाल्यावर मामीकडं बघितलं, की चाललं का इतकं. मामी त्याला चमच्यानं भात भरवायली. हा माणूस चार दिवसांखाली साठ लोकं अंगावर घेऊन घाटातून आलता. आता घोट गिळतानाबी थांबून आत काय हलतंय का ते ऐकत व्हता.

मला म्हणला, "डॉक्टर म्हणले खुशाल हसा, पण बेतानं. बेतानं कसं हसतेत रं? करून दाखव."

मला ते करता आलं न्हाई.

उस्ताद दुसऱ्या दिवशी सकाळी परतले. येताना माझ्यासाठी लग्नातला खाजा आणलता, कागदात बांधून. हातपाय धुतले अन् नेहमीसारखं आधी फ्रीज उघडलं. उरलेलं सिरम आठ दिवस ठेवायचं, ही त्यांची रीत. एकेक नळी खिडकीला धरून बघायला लागले. मामाची पहिली नळी बघितली, मान हलवली. दुसरी धरली.

मी त्यांच्या पाठीमागं उभा व्हतो. मी ती नळी फेकून देऊ शकलो असतो, पाच दिवस ती माझ्या हाताखालीच व्हती. फेकली न्हाई ते चांगुलपणानं न्हाई. मला त्या खणाकडं बघवतच नव्हतं.

उस्तादांनी रजिस्टर वढलं. मोकळा शेरा बघितला. मंग खाज्याची पुडी उचलून माझ्या हातात दिली अन् म्हणले, "पहले खा ले. बाद में बोल." मी खाल्लं न्हाई. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, नळीचा गेअर केला तेबी. ऐकताना त्यांनी एकदाबी माझ्याकडं बघितलं न्हाई, नळीकडंच बघत राहिले.

मला घेऊन ते साहेबांकडं गेले. साहेबांचा राग मोठा, पण त्या दिवशी ते वरडले न्हाईत. खुर्चीत मागं टेकून बसले. मी म्हणलो, साहेब, आज पुन्हा रक्त घेतो, अगदी नीट घेतो. साहेब म्हणले, "आज घेऊन काय बघतोस? झटका आला असंल तरी आज आकडा खालीच येणार, नसंल आला तरी खालीच. रक्ताला इचारायचे चार दिवस असतेत. ते तू खाल्ले."

पट्टी त्यांनी पुन्हा काढली, मामाला उठून बसायची मोकळीक दिली. रेघ अजून अर्धी हो, अर्धी न्हाई. ते म्हणले, झटका आलता असं मी आता लिहू शकत न्हाई, अन् आला नव्हता असंबी लिहू शकत न्हाई. त्याच्या मागं साठ माणसं बसतेत. शंका हाय एवढंच लिहीन, तीन महिने घरी ऱ्हाऊ दे, मंग त्यांचे वरचे डॉक्टर तपासून ठरवतील.

बाहेर आल्यावर उस्ताद म्हणले, कायदा तुला माहीत हाय. अन् वार्डाच्या दाराशी येऊन थांबले. आत मी एकटाच गेलो.

मामा उश्यांना टेकून बसलेला, मामी त्याच्या पायाला तेल लावायली. व्हरांड्यातून कंपौंडर बघत व्हता. त्याच्याकडं माझं ध्यान गेलं, अन् मला नवल वाटलं, की पाच दिवसांखाली ह्या माणसाला मी इतका भ्यालो व्हतो.

मी म्हणलो, "मामा, दुसऱ्या दिवसाचं रक्त माझ्या हातानं खराब झालं. माफ करा."

पुढचे दोन शब्द तोंडातच राहिले. पण मामानं काही न इचारता सदऱ्याची बाही वर सारली अन् हात पुढं केला. "घे मंग."

त्या हातावर पहिल्या दिवशी टोचलेल्या दोन जागा अजून निळ्या व्हत्या.

"आता घेऊन उपेग न्हाई मामा. ते चारच दिवस सांगतंय. नंतर इसरतं."

मामीचा तेलाचा हात थांबला. "म्हंजे यांना झटका आलता का न्हाई?"

"माहीत न्हाई मामी."

"डॉक्टरला?"

"त्यांनाबी न्हाई."

"मंग कुणाला माहीत?" तिनं माझ्याकडं बघितलं, मंग दारातल्या उस्तादांकडं बघितलं.

मामानं बाही खाली केली, गुंडी लावली. म्हणला, "खराब कशानं झालं?"

मी सांगितलं. तुमची नक्कल करताना, व्हरांड्यात, नळी हातात व्हती.

"करून दाखव."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकलो. पण तो वाट बघत व्हता. मी स्टूल वढलं, बसलो. मिशा फिरवल्या. मोकळ्या मुठीनं पहिला गेअर टाकला. दुसरा टाकला, पडंना, खडाखडा हलवला. खड्डे आले तसा हाललो. सगळं तस्संच केलं, कायबी राखलं न्हाई, छातीची कळसुद्धा. शेजारच्या खाटांवरचे पेशंट बघत व्हते. कुणी हसलं न्हाई. मामीनं तोंड फिरवलं. मामा मात्र नीट बघत व्हता, नवीन पोरगं स्टेअरिंगवर बसल्यावर शेजारून जसं बघतेत तसं.

माझं झाल्यावर म्हणला, "दुसरा गेअर असा पडत न्हाई. दोनदा क्लच दाबावा लागतो. मधी न्यूट्रल."

मी "हो मामा" म्हणलो.

"दात मोडतेत नाहीतर," तो म्हणला, अन् आडवा झाला. आता त्याला आडवं व्हायची गरज नव्हती, साहेबांनी बसायची मोकळीक दिलती. तरी आडवा झाला, सावकाश, आधी एक कोपर टेकवून.

त्यानंतर नकला मी सोडल्या असं न्हाई. सोडल्या म्हणलो तर खोटं व्हईल. उस्तादांनी मला कामावरूनबी काढलं न्हाई. रजिस्टरातल्या त्या मोकळ्या शेऱ्यात मात्र त्यांनी मला माझ्या हातानं लिहायला लावलं, की सिरम गुलाबी, तपासणी धरू नये, चूक माझी. ते पान अजून तसंच हाय. नवीन माणूस कामाला आला की उस्ताद त्याला ते पान दाखवायचे अन् मी तोवर बाहेर जाऊन उभा राहायचो.

तीन महिन्यांचे सहा महिने झाले. वरच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं अन् शेवटी मामाला गाडी दिली. मला हे कंपौंडरनं सांगितलं. ऐकून मी त्याच आठवड्यात स्टँडवर गेलो अन् चारठाण्याच्या गाडीत बसलो. काम काय नव्हतं. ड्रायव्हरच्या मागची जागा मोकळी व्हती. मामानं मला चढताना बघितलं अन् "बस" म्हणला.

गाडी निघाली. दोनदा क्लच, मधी न्यूट्रल, गेअर असा पडला की आवाज न्हाई. मी मनात म्हणलो, झालं, सगळं जाग्यावर आलं. मंग मला दिसलं. गेअर टाकला की त्याचा डावा हात स्टेअरिंगवर परत जायच्या आधी छातीच्या खिशावर जायचा. घडीभर थांबायचा, आत काय म्हणतंय ते ऐकल्यासारखा, मंग स्टेअरिंगवर. प्रत्येक गेअरला. बोरी आलं, जिंतूर आलं, हाताची ती येरझार सुटली न्हाई. सहा महिन्यांत ती अंगात मुरली व्हती. ती कुणी शिकवली ते गाडीत दोघांनाच माहीत व्हतं.

चारठाण्यात गाडी परतीला लावून त्यानं हॉर्न दिला, मी जाग्यावरून उठलो न्हाई. लोकं पळत आली, पिशव्या, गाठोडी, कोंबडी घेतलेली एक बाई. कंडक्टर नवीन पोरगा व्हता, हसरा, माझ्यासारखाच. तिकिटं फाडता फाडता तो माझ्याजवळ वाकला, डोळ्यानं ड्रायव्हरकडं खुणावलं, अन् हवेत गेअर टाकून हात छातीवर ठेवला. डोळे अर्धे मिटले, मान जराशी कलती केली. हुबेहूब. मागच्या बाकावरचे दोघं हसले.

मी हसलो न्हाई. हसायचं न्हाई असं ठरवूनच बसलतो. पण नक्कल चांगली व्हती, अन् माझं तोंड माझ्या आधी हललं. एका कोपऱ्यातून, जरासंच.

वर बघितलं तर मामा आरशातून माझ्याकडंच बघत व्हता. त्यानं नजर काढली, लोकं चढली का ते बघितलं, अन् दोनदा क्लच दाबून गेअर टाकला. मंग हात छातीवर ठेवला.